केळीचा मर आणि बांधावरचे यजमान



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला रस्त्यात गाठले आणि विचारले, "काय हो, संप-मोर्चे सोडून तुम्ही केळीच्या बुरशीवर कधीपासून बोलू लागलात?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली आणि पाटीदप्तराच्या जागी पाठीवर पोते आले. पुढे जे काही शिकलो ते हमाली करता करता, सार्वजनिक वाचनालयात बसून, आणि ज्यांना कळते त्यांना प्रश्न विचारून त्यांचा जीव खाऊन. गेली तीस वर्षे लातूरच्या अडतीवरचे हमाल आणि नांदेड-अर्धापूरकडचे केळी कापणारे, गाड्या भरणारे, बागा खुरपणारे मजूर यांच्या संघटनेचे काम मी करीत आहे. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते पंडिताचे प्रवचन नाही. ज्याच्या माणसांची भाकरी एका पिकावर शिजते, त्याने त्या भाकरीच्या काळजीने केलेला हा अभ्यास आहे. त्यात चूक आढळली तर सभेनंतर जाणकारांनी जरूर माझा कान धरावा.

या विषयाकडे मी वळलो तो एका भांडणामुळे. काही वर्षांपूर्वी अर्धापूर भागातल्या एका गावी एका बागेत दहाबारा झाडे पिवळी पडून कोलमडली. बागवाल्याने घड कापणाऱ्या टोळीची आठवड्याची मजुरी अडवून धरली. त्याचे म्हणणे असे की, "तुम्ही मागच्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यात कापणी करून आलात, आणि तुमच्या पायांनी माझ्या बागेत मर आणलात." मी पोहोचलो तेव्हा बांधावर चौदा माणसे बसलेली होती. त्यांतली खुरपणीला येणारी एक म्हातारी मला म्हणाली, "भाऊ, माझ्याजवळ एक खुरपं अन् एक भाकरीचं फडकं. रोग मी कशात बांधून आणावा, तुम्हीच सांगा."

एरवी मी त्या बोलण्यावर टाळी दिली असती. त्या दिवशी दिली नाही. कारण मावशीचे खरे असेल, तसे बागवाल्याचेही खरे असू शकेल, हे मला आतून जाणवत होते. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्या बागेवर त्याचे कर्ज होते, आणि घाबरलेला माणूस सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दुबळ्या माणसावर बोट ठेवतो, एवढेच. शेवटी एका जाणत्या माणसाला आम्ही बोलावून आणले. त्याने पडलेले झाड बुडाशी चिरले. आत कंद मऊ पडून सडला होता, घाण वास येत होता, पण वर खोडात रंग स्वच्छ होता. "हा मर नव्हे," तो म्हणाला, "ही कंदकूज. बागेच्या या कोपऱ्यात पाणी साचते." मजुरी मिळाली, भांडण मिटले. पण चाकू पुसता पुसता तो गृहस्थ जे बोलला ते माझ्या मनात रुतून बसले. तो म्हणाला, "या खेपेला तुमची माणसे सुटली. पण खरा मर आला, तर तुमच्या मावशीचे खुरपेही संशयात येईल, आणि हे बांधावरचे तणसुद्धा." असे म्हणून त्याने पायाजवळचे एक पिवळ्या-पांढऱ्या फुलाचे रोपटे दाखवले. ती होती आपली कंबरमोडी. लहानपणी गुडघा फुटला की जिचा पाला चोळून जखमेवर लावतो, तीच. या बिचारीचा केळीच्या रोगाशी संबंध काय, हा प्रश्न घेऊन मी वाचनालयात गेलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर.

आधी हा मर म्हणजे काय ते पाहू. जमिनीत फ्युझेरियम नावाच्या बुरशीचे मोठे कूळ नांदते. त्यातले पुष्कळ सभासद निरुपद्रवी आहेत. एक शाखा मात्र केळीच्या जिवावर उठलेली आहे. तिचे शास्त्रीय नाव फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम क्युबेन्स. क्यूबातून आलेल्या नमुन्यांवरून १९१० साली तिचे वर्णन झाले, म्हणून हे नाव. ही बुरशी मुळांच्या टोकांतून आत शिरते, कंदात येते, आणि कंदातून पाणी वर नेणाऱ्या शिरांत चढते. झाड तिला अडविण्यासाठी आपल्याच शिरा बुजवून घेते, आणि अशा रीतीने भर पाण्यात उभे असलेले झाड तहानेने मरते. प्रथम खालची, जुनी पाने कडेने पिवळी होतात. मग देठाशी मोडून खोडाभोवती लोंबतात. खोड बुडाशी उभे चिरते. आडवे कापले तर शिरांच्या जागी तांबूस-तपकिरी ठिपक्यांची वर्तुळे दिसतात. कंदकुजीत सड आणि दुर्गंध असतो; मरात ही तांबूस वर्तुळे असतात. ही खूण प्रत्येक मजुराला ठाऊक असली पाहिजे, कारण ज्याला खूण कळते त्याच्यावर खोटा आळ सहजासहजी येत नाही. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकांसाठी सांगून ठेवतो. या बुरशीने माणसाला काही होत नाही. आजारी बागेतले केळे खाल्ल्याने कोणी आजारी पडत नाही.

ही बुरशी झाड मारून आपण मरत नाही, हे तिचे खरे बळ. झाड मेले की ती जाड भिंतीचे बीजाणू करून मातीत निजते. दुष्काळात धान्य पेवात पुरून ठेवावे तसे ते बीजाणू मातीत पडून राहतात. एकदा रोग लागलेल्या जमिनीत वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी लावलेली केळीही मेल्याचे अनुभव आहेत. जमिनीत ओतून तिचा नायनाट करील असे औषध शेतकऱ्याच्या हाती आजही नाही.

रोगाची पहिली शास्त्रीय नोंद ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनजवळची, जोसेफ बॅंक्रॉफ्ट या वैद्याने १८७६ साली केलेली. आपल्या देशात १९११ साली बंगालमधील चिनसुरा भागात तो प्रथम नोंदला गेला. पण त्याचे नाव जगभर झाले ते मध्य अमेरिकेतील पनामा देशामुळे. म्हणून त्याला पनामा रोग म्हणतात. त्या काळी व्यापारातले केळे म्हणजे ग्रो मिशेल ही जात. हजारो एकरांवर तीच एक जात, आणि तीही बियांनी नव्हे तर मुनव्यांनी वाढवलेली, म्हणजे सारी झाडे एका झाडाचीच रूपे. एकाला जे बाधले ते सर्वांना बाधणार. १९६० च्या आसपास ग्रो मिशेल जागतिक व्यापारातून उठली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातल्या जाती आल्या, कारण त्या वेळच्या बुरशीपुढे त्या टिकल्या. आपली बसराई, आपली अर्धापुरी, आणि आज बहुतेक बागांत दिसणारी ग्रँड नैन, या सर्व त्या एकाच कॅव्हेंडिश घराण्यातल्या लेकी.

त्यामुळे नांदेडकडचा शेतकरी निर्धास्त होता. इसापूर धरणाचे पाणी आले, काळी जमीन होती, अर्धापूर आणि मुदखेड भागात केळी फोफावली. नांदेडला केळी संशोधन केंद्रही झाले. पण बुरशीनेही आपले डावपेच बदलले. तैवानात १९६० नंतरच्या दशकात कॅव्हेंडिश मरू लागली. पुढे जिला शास्त्रज्ञ उष्ण कटिबंधीय चौथा वाण म्हणतात, ती शाखा मलेशिया-इंडोनेशियात १९९० च्या सुमारास दिसली, १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ, २०१३ मध्ये जॉर्डन आणि मोझांबिकमधील नोंदींत, २०१९ मध्ये कोलंबियात आणि २०२१ मध्ये पेरूत. भारतात ती बिहारमधील कटिहार आणि पूर्णिया भागातल्या कॅव्हेंडिश बागांत सापडली. तिची शास्त्रीय नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर उत्तर प्रदेश, गुजरात आणि मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर येथूनही नोंदी आल्या. बुऱ्हाणपूर म्हणजे रावेरच्या उशाशी. सकाळी निघालेला माणूस न्याहारीला पोहोचतो. आणि केळीची गाडी, रिकामी क्रेट, मुनव्यांचे पोते, कापणीची टोळी ही काही जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कोणाच्या मनात येईल की, बाग मेली तर केळी काढून टाकावी, चार-सहा वर्षे जमीन पडीक ठेवावी, बुरशी उपाशी मरेल. आपल्या आजा-पणजांनी पडीक ठेवून जमिनीला विसावा दिलाच आहे. हा विचार अमेरिकेतही झाला होता. तिथल्या कंपन्यांनी तर रोगट जमिनी बांध घालून कित्येक महिने पाण्याखाली बुडवून पाहिल्या. काही काळ फरक पडला आणि रोग पुन्हा आला. असे का व्हावे?

त्याचे एक उत्तर बीजाणूंच्या दीर्घ निद्रेत आहे. दुसरे उत्तर शोधायला शास्त्रज्ञ केळीकडे पाठ करून तणाकडे वळले. १९५३ साली वेट आणि डनलॅप या दोघा संशोधकांनी मध्य अमेरिकेतील रोगट केळीच्या जमिनीतली हिरवीगार, ठणठणीत दिसणारी तणे उपटून त्यांची मुळे तपासली. तीन जातींच्या गवतांत आणि केन्याच्या एका जातीत त्यांना ही बुरशी सापडली. आपल्याकडे पाटाच्या कडेला, ओलीत, निळ्या फुलांचा जो केना माजतो त्याचीच ती भावकी. पुढे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, नव्या घातक वाणाने ग्रासलेल्या जमिनीत, असाच शोध झाला आणि २००५ साली प्रसिद्ध झाला. तिथे चार तणांत बुरशी आढळली: एक बोटांसारख्या तुऱ्यांचे गवत, एक दुधीच्या जातीचे चीक निघणारे तण, आपली सहदेवी, आणि चौथी, श्रोतेहो, आपली कंबरमोडी.

या सर्व तणांत एक विलक्षण गोष्ट समान होती. त्यांतले एकही आजारी नव्हते. पान पिवळे नाही, खोड सुकलेले नाही, फुले वेळच्या वेळी येत होती. बुरशी त्यांच्या मुळांत शिरते, पण केळीत चढते तशी शिरांतून वर चढून त्यांचा जीव घेत नाही. मुळाच्या आतबाहेर थोडी वस्ती करते, खाते, राहते. तण वाळले की त्याच्या कुजणाऱ्या मुळांबरोबर नव्या बीजाणूंची भर मातीत टाकून पुन्हा निजते. शास्त्राच्या भाषेत अशा वनस्पतीला पर्यायी यजमान म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पाहुण्याने ज्याच्या घरी उतरावे तो यजमान. केळी हा असा यजमान की पाहुण्याने त्याचे घरच पेटवावे. आणि कंबरमोडी हा असा यजमान की पाहुणा ओसरीवर वर्षानुवर्षे पडून आहे याची घरच्यांना गंधवार्ता नसावी.

म्हणजे आपण ज्याला पडीक म्हणतो ते रान बुरशीच्या दृष्टीने पडीक नसू शकते. केळी गेली, पण पाटात केना आहे, बांधावर कंबरमोडी आहे, मधल्या पट्ट्यात सहदेवी आहे. मालक म्हणतो जमीन विसावते आहे; आणि जमिनीत पाहुण्याच्या जेवणावळी चालू आहेत.

इथे एक गमतीची गोष्ट नोंदवून पुढे जातो. केळ मूळची आपल्या आशिया खंडाची, आणि ती अमेरिकेत गेली. कंबरमोडी मूळची उष्ण अमेरिकेची, आणि ती आपल्याकडे आली, इतकी रुजली की आजीच्या औषधात जाऊन बसली. माणसाने पिके हलवली, पिकांबरोबर तणे हलली, मातीबरोबर बुरशी हलली. या साऱ्या प्रवासात एकानेही आपल्या पायांनी पाऊल टाकले नाही. पाऊल माणसाचे होते.

लातूरहून आलेली मंडळी मनात म्हणत असतील की, ही नांदेडकरांची काळजी. आमच्याकडे केळी ती किती! २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे केळीच्या गप्पा कशाला! त्यांना मी सांगेन की, हे कूळ तुमच्या दारात केव्हाचे आहे. तुरीचा मर आणि हरभऱ्याचा मर आणणाऱ्या बुरश्या याच फ्युझेरियमच्या सख्ख्या-चुलत बहिणी. तुरीच्या मराची बुरशी बटलर या शास्त्रज्ञाने बिहारातील पुसा येथे काम करताना १९१० साली वर्णिली. आणि निरोगी दिसणाऱ्या यजमानाचे सर्वांत बोलके उदाहरण तर आपल्या शेजारचे, हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतले आहे. १९८२ साली हावरे आणि नेने या संशोधकांनी दाखवून दिले की, हरभऱ्याला मारणारी बुरशी तूर, मसूर आणि वाटाणा यांच्या मुळांत काहीही लक्षण न दाखवता राहू शकते. ध्यानात घ्या, हरभऱ्याच्या मराला कंटाळून ज्या शेतकऱ्याने त्या रानात तूर घेतली, त्याने पीक पालटले खरे, पण पाहुण्याची सोय तशीच ठेवली. हरभरा अजिबात न घेताही ही बुरशी जमिनीत निदान सहा वर्षे टिकते असे त्याच संस्थेत पुढे दिसून आले.

पण त्याच संस्थेच्या प्रयोगांनी एक दिलासाही दिला. तुरीत ज्वारीचे मिश्रपीक घेतले तर तुरीचा मर कमी पडतो. आपले म्हातारे ज्वारीत तुरीचे तास टाकीत तेव्हा त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. पण शंभर हंगाम पाहिलेली दृष्टी होती. शिवाय बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीएसएमआर ७३६ सारखे मराला दाद न देणारे तुरीचे वाण दिले. तात्पर्य हे की, मातीतल्या रोगाशी झुंज औषधाच्या बाटलीने जिंकता येत नाही. ती वाणाने, पीकपद्धतीने आणि दक्षतेने जिंकावी लागते.

आता मी स्वतःलाच एक आक्षेप घेतो. हे सारे ऐकून उद्या एखादा बागवाला घरी जाऊन म्हणेल, "मग बांधापासून बांधापर्यंत तणनाशक मारतो, एक काडी ठेवत नाही." मी म्हणतो, थांबा. तणात बुरशी सापडली याचा अर्थ रोग तणाने आणला असा होत नाही. रोग नव्या ठिकाणी जातो तो मुख्यतः रोगट मुनव्यांबरोबर, मातीबरोबर आणि वाहत्या पाण्याबरोबर. तण त्याला आणीत नाही. आलेल्याला थारा देते. उघडी, काडी नसलेली जमीन पहिल्या वळवाने वाहू लागते, आणि त्या गढूळ पाण्याबरोबर बीजाणू खालच्या बागेत जातात. ऑस्ट्रेलियातच २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जमिनीवर हिरवे आच्छादन राखलेल्या केळीत या मराची तीव्रता कमी दिसली. कारण जमिनीत बुरशीचे शत्रूही राहतात आणि त्यांनाही मुळांचा आसरा लागतो. फिलिपाइन्समध्ये तर केळीबागेतल्या तणांच्याच मुळांतून या बुरशीला रोखणाऱ्या दुसऱ्या बुरश्या मिळाल्या. तो अभ्यास २०२१ चा. तेव्हा तण हा सरसकट वैरी नव्हे. रोगट जागेतले कोणते तण ठेवायचे, कोणते काढायचे, काढलेले कुठे टाकायचे, हे ओळखण्याचे हे काम आहे. आणि ओळखणे हे पंपाचे काम नाही, नजरेचे आणि हाताचे काम आहे.

ती नजर आणि तो हात कोणाचा? ज्या बायका सकाळी आठापासून ओणव्या होऊन बागा खुरपतात, त्यांचा. केना कोणता आणि दुधी कोणती हे पदवीधराला पुस्तक उघडून पाहावे लागेल. मावशीला ते अंधारातही बोटांनी कळते. पिवळे पडलेले पहिले पान मालकाच्या आधी तिला दिसते. या रोगाविरुद्ध आपल्या जिल्ह्याची पहिली चौकी कुठे असेल तर ती तिच्या खुरप्याच्या टोकाशी आहे. आणि त्या चौकीदाराला आपण सर्वांत कमी रोज देतो, रोगाची खूण सांगत नाही, आणि झाड मेले की पहिला आळ तिच्यावर घेतो. यात अन्याय तर आहेच, पण निव्वळ व्यवहाराच्या हिशेबानेही हा मूर्खपणा आहे.

रोग आला की त्याचा भार कोणावर पडतो, याचा एक जुना दाखला देतो. कोस्टारिका देशात अटलांटिकच्या बाजूच्या लिमोन प्रांतात युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीबागा होत्या. तिथे पिढ्यान् पिढ्या जमैकाहून आलेले कृष्णवर्णीय मजूर राबत. पनामा रोगाने जमिनी निकामी केल्या तेव्हा कंपनीने आपले बस्तान पॅसिफिक किनाऱ्याकडे हलवले. १९३४ साली लिमोनमध्ये मजुरांचा मोठा संप झाला. त्याच्या पुढाऱ्यांत कार्लोस लुईस फायास हा स्वतः बागांत राबलेला कामगार होता, जो पुढे त्या देशाचा नामांकित कादंबरीकार झाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस असा कायदा झाला की, पॅसिफिक बाजूच्या केळीबागांत कृष्णवर्णीयांना कामावर घेऊ नये. जमीन निकामी झाली म्हणून कंपनीला दुसरी जमीन मिळाली. मजुराला मात्र मेलेल्या बागेबरोबर मागे टाकले. बुरशीने केळी मारली. माणसांना देशोधडीला लावले ते माणसांनी.

आता उलट दाखला पाहा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या टली भागात २०१५ च्या मार्चमध्ये हा नवा वाण एका बागेत सापडला. ती बाग बंदिस्त केली. पुढे २०१६ मध्ये केळी उत्पादकांच्या संघटनेने ती विकत घेऊन कायमची बंद केली. एकाच्या बागेतला रोग हा सर्वांचा धोका आहे, म्हणून एकाचे नुकसान सर्वांनी वाटून घेतले. यात परोपकारापेक्षा शहाणपण अधिक होते. कारण ज्याला रोग सांगितल्याबरोबर आपण उघड्यावर पडणार हे दिसते, तो रोग सांगत नाही. तो पिवळे झाड रात्री तोडून ओढ्यात टाकतो आणि सकाळी मुनवे विकतो. आपल्याकडे हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे. तो ऊन, थंडी, वारा, गारपीट पाहतो. मातीतल्या बुरशीकडे पाहत नाही. मग आमच्या शेतकऱ्याने खरे बोलावे ते कोणाच्या भरवशावर? लक्षण न दाखवता रोग पोसणारे यजमान फक्त तणांतच असतात असे नाही. भीतीने गप्प बसलेला गाव हाही तसाच यजमान होऊन बसतो.

म्हणून मी शेवटी चार गोष्टी सांगतो. त्या मी आमच्या संघटनेत मांडल्या आहेत, बागवाल्यांपुढेही मांडल्या आहेत.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना विळे, खुरपी, पादत्राणे, गाडीची चाके यांची माती आधी खरवडून, धुऊन काढावी आणि मग जंतुनाशकात बुडवावीत. मातीसकट बुडवली तर औषधाचा जोर मातीतच जिरतो. पण या कामाला जो वेळ लागेल तो मजुरीत धरावा. शक्य तिथे प्रत्येक बागेने आपली अवजारे आणि आपले बूट बागेतच ठेवावेत. अनवाणी बाईला "पाय धुऊन ये" म्हणणे सोपे आहे. तिला बूट देणे हे मालकाचे काम आहे.

दुसरी गोष्ट खुणांची. मराची खूण, कंदकुजीची खूण, आणि कोणत्या तणांत ही बुरशी आढळली आहे ते, हे सर्व प्रत्येक टोळीला बागेत नेऊन, झाड चिरून दाखवावे. विद्यापीठाच्या आणि संशोधन केंद्राच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे की, शेतकरी मेळाव्याबरोबर एक मजूर मेळावाही घ्यावा. खुर्च्या नसल्या तरी चालतील, आम्हाला बांधावर बसायची सवय आहे.

तिसरी गोष्ट पडिकाची. संशयित जागेतले झाड ओढत नेऊ नये, जागच्या जागी त्याची विल्हेवाट लावावी. तिथले तण उपटून वाटेवर, पाटात किंवा शेजाऱ्याच्या बांधावर फेकू नये. आणि ती जागा मोकळी सोडून विसावली असे समजू नये. तिथे काय उगवते आहे यावर लक्ष ठेवावे. नवी लागवड करताना मुनवे कुठले, रोपे कुठली, हे विचारल्याशिवाय बागेत घेऊ नयेत.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. जो प्रथम रोग कळवील त्याचे नुकसान भरून मिळेल आणि त्या बागेवर राबणाऱ्या मजुरांचे बुडालेले रोजही भरून मिळतील, अशी तजवीज रोग येण्यापूर्वी झाली पाहिजे. १९६९ साली या राज्याने माथाडी-हमालांसाठी कायदा केला, तेव्हा पाठीवरच्या ओझ्यालाही हक्क असतो हे मान्य झाले. त्या वेळीही लोक म्हणत, हे कसे जमणार? जमले. मालक आणि मजूर यांची भांडणे पुष्कळ आहेत, आणि ती मी यापुढेही भांडेन. पण ही बुरशी सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे ते पाहत नाही. इथे दोघांनी एका बांधावर बसलेच पाहिजे.

त्या भांडणानंतर वर्षभराने मी पुन्हा त्या गावी गेलो होतो. तीच मावशी त्याच बागेत खुरपत होती. मी जे वाचले होते ते तिला सांगू लागलो. कंबरमोडीचे नाव ऐकून ती थांबली, हातातले उपटलेले रोप उलटे करून त्याच्या मुळ्या बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, पाल्यानं जखम बरी करती अन् मुळात असलं बाळगती व्हय? मग हिला वरून बघून काय कळावं!" नंतर तिने बागवाल्याला हाक मारली आणि त्यालाही ती मुळे दाखवली. दोघेही ओणवे होऊन एका रोपट्याकडे पाहत होते. ज्या बांधावर वर्षापूर्वी मजुरी अडली होती, तोच तो बांध.